आठ सेकंदांचं ‘नाही’

नईम आतार मेलेल्या माणसांच्या जिवावर पोट भरतो. हे वाक्य माझं नाही, त्याचं स्वतःचं आहे. नव्या माणसाशी ओळख होताना तो ते मुद्दाम म्हणतो आणि समोरच्याचा चेहरा बघत बसतो. चेहरा फारच पडला तर लगेच चहा मागवतो. बारामतीत इंदापूर रस्त्याला एका पत्र्याच्या शेडमध्ये त्याचं ऑफिस आहे. रंगमंच सुटून कितीतरी वर्षं झाल्यावर, केस पूर्ण पांढरे झाल्यावर, मला माझं शेवटचं काम तिथं मिळालं.

पण आधी त्याचे वडील चाँदभाई सांगायला हवेत. आमच्या कंपनीचा तंबू बारामतीत किंवा इंदापुरात पडला की जाहिरातीला जीप चाँदभाईंची आणि भोंगाही त्यांचाच. मी पुढच्या सीटवर बसून माईकवरून खेळाचं नाव पुकारायची. काटेवाडीपासून पोरं जीपमागं पळत यायची. त्याच भोंग्यावरून सकाळी मयताची बातमी गावोगाव जायची. कोण गेलं, सावडणं कधी, दहावा कुठल्या घाटावर. बातमी सांगून झाली की चाँदभाई खिशातलं फडकं काढून माईकची जाळी पुसायचे आणि मगच तो माझ्या हातात द्यायचे. मी एकदा हसले. ते म्हणाले, "हसू नका फुलाबाई. तिकडचं नाव इकडच्या नावाला चिकटू नये."

नईमनं वडिलांचा निम्मा धंदा उचलला. तंबू गेले, खेळ गेले, मरण राहिलं. त्यानं वेबसाइट काढली आणि तिचं नाव ठेवलं ‘सांगावा’. घरातलं कोणी गेलं की लोक तिथं नाव, गाव, फोटो, दहाव्याची वेळ टाकतात. पुण्या-मुंबईचे नातेवाईक वाचतात, खाली दोन ओळी लिहितात. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी त्याला आवाज हवा होता, म्हणून तो माझ्याकडं आला. सुरुवातीची काही वर्षं प्रत्येक सांगावा मी वाचून दिला. वाचून झालं की नईम फडक्यानं माईक पुसायचा. त्याला ते कुणी शिकवलं नव्हतं, त्यानं फक्त पाहिलेलं होतं.

पुढं नावं इतकी वाढली की माझ्या घशाला झेपेनात. मग नव्या सांगाव्यांना यंत्राचा आवाज बसला. पण एक वाक्य माझंच राहिलं. कुणी एखादं नाव शोधलं आणि ते सापडलं नाही, तर फोनमधून मी बोलायची, "या नावाचा सांगावा आमच्याकडे नाही."

वाक्यं खरं तर दोन रेकॉर्ड केली होती. शोधायला फार वेळ लागला, आठ सेकंदांच्या वर गेला, तर दुसरं वाजायचं, "शोध पूर्ण झाला नाही." पण त्या वाक्यानं लोक हबकायला लागले. सणसरच्या एका बाईनं वेळेवर न परतलेल्या नवऱ्याचं नाव शोधलं, ते वाक्य ऐकून घरात हंबरडा फोडला, आणि नवरा पाण्याची मोटार बंद करून शेतातून चालत घरी आला तर अंगणात ही गर्दी. नईमनं ते वाक्य काढूनच टाकलं. जिवंत माणसाबद्दल ‘अजून बघतोय’ असं कधी म्हणू नये, असं त्याचं मत पडलं. आठ सेकंद झाले की तिथंही पहिलंच वाक्य वाजायला लागलं. मलाही त्यात दयाच दिसली.

गेल्या वर्षीच्या पितृपक्षात ही दया अंगाशी आली.

त्या पंधरवड्यात घरोघरी लोक आपल्या माणसाची तिथी शोधतात. नेमकी तिथी कुणालाच आठवत नाही, म्हणून सगळे ‘सांगावा’ उघडतात. त्या वर्षी साइट गुदमरली. माळेगाव बुद्रुकचे एक गृहस्थ कारखान्यावरून थेट ऑफिसात आले. त्यांनी वडिलांचा सांगावा स्वतः दिला होता. ते म्हणाले, "तुमची बाई म्हणती असं कुणी मेलंच न्हाय. मग आमी पान वाढायचं कुणाला?"

नईमनं त्यांच्यासमोर नाव शोधलं. पडद्यावर ते गोल चक्र फिरत राहिलं, आणि मग माझा आवाज आला. नाही. नईमनं आत जाऊन हातानं यादी उघडली तर वडील तिथंच होते. फेट्यातला फोटो, गाव, तिथी, सगळं जागच्या जागी. ते गृहस्थ फोटोकडं बघत म्हणाले, "ह्ये हितं बसल्यात, आन तुमी त्यांच्या त्वांडावर न्हाय म्हनताय."

ते गेल्यावर नईमनं साइट काही दिवस बंद ठेवायचं ठरवलं. मी समोर बसून होते. दुपार होती. पितरांसाठी लोकांनी छपराछपरावर घास ठेवले होते, त्यामुळं रस्त्यावरचे सगळे कावळे आमच्या पत्र्यावर उतरले होते. त्यांची नखं पत्र्यावर खरडत होती आणि खाली नईम मला समजावून सांगत होता.

चालू वर्षाचे सांगावे त्यानं वेगळे ठेवले होते. तिथं शोध पटकन लागायचा. तिथं नाव नसेल तर यंत्र मागच्या सगळ्या वर्षांच्या मोठ्या तक्त्यात शिरायचं. तो तक्ता आता लाखांच्या घरात गेला होता.

"मावशी, समजा कुणी विचारलं, सावळाराम आहे का. यंत्र पहिल्या माणसापाशी जातं. तू सावळाराम का? तो नाही म्हणतो. मग दुसऱ्यापाशी. मग तिसऱ्यापाशी. शेवटच्या माणसापर्यंत."

"म्हणजे मेलेल्यांना विचारत जातं."

"त्यांनाच. एकाला शोधायला सगळ्यांना उठवायचं. आणि कुणीही काहीही शोधलं की पुन्हा पहिल्यापासून."

"आणि आठ सेकंद झाले की?"

"आहे तिथून परत फिरायचं, असं मीच लिहून ठेवलंय."

मी त्याला विचारलं की मग तोवर जे उठून बसले असतील त्यांचं काय होतं. एरवी तो हसला असता. तेव्हा त्यानं वर पत्र्याकडं पाहिलं आणि पंखा वाढवला.

उपाय त्याला माहीत होता, वेळ काढला नव्हता इतकंच. इंडेक्स करायचा. म्हणजे नाव, आडनाव, गाव यांची क्रमानं लावलेली वेगळी सूची, आणि प्रत्येकापुढं तो माणूस तक्त्यात कुठं आहे त्याची खूण. आमच्या कंपनीत सामानाचे पेटारे होते. नवा सामानवाला आला की एका मुकुटासाठी सगळे पेटारे उघडायचा आणि पडदा खोळंबायचा. जुन्यानं प्रत्येक पेटाऱ्यावर आत काय आहे ते रंगवून ठेवलं होतं, तो डोळे मिटून हात घालायचा. हे मी सांगितल्यावर नईम म्हणाला, बरोबर तेच. फक्त चालत्या साइटवर तसं काही करायचं नसतं, आधी सगळ्याची नक्कल काढून त्यावर करून पाहायचं असतं.

नक्कल तयार होत असताना तो हळू चाललेल्या शोधांची नोंद चाळत होता. डेटाबेस अशी नोंद आपणहून ठेवतो, कुठल्या प्रश्नानं त्याला दमवलं याची. पितृपक्षातली गर्दी बाजूला काढली तर खाली एकच नाव पुनःपुन्हा येत होतं. जोतीराम पोळ, निरवांगी. रोज, दूध घालायच्या वेळेला. कित्येक वर्षं. आणि दर वेळी आठ सेकंद, आणि नाही.

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या प्रहरी ऑफिसचा फोन वाजला. नईमनं तो स्पीकरवर टाकला. पलीकडं एक बाई होती, आवाज खेड्यातला, सावध. कालपासून फोनमधल्या बाई बोलत नाहीत, त्यांना काही झालंय का, असं तिनं विचारलं. नईमनं साइट दुरुस्त होतेय म्हणून सांगितलं, आणि कुणाचं नाव बघायचं होतं ते विचारलं.

ती गप्प झाली. मग म्हणाली, "त्येंचंच. पोळांचं. निरवांगीच्या."

"नाव काय त्यांचं?"

पुन्हा शांतता. नईम तिसऱ्यांदा विचारणार तेवढ्यात मी त्याच्या हातावर हात ठेवला. ती घरधन्याचं नाव घेणार नव्हती. त्या वयाच्या बायका घेत नाहीत, उखाण्याशिवाय तर नाहीच. तिच्या संस्कृती नावाच्या भाचीनं एकदा ते नाव फोनमध्ये लिहून ठेवलं होतं आणि ती रोज फक्त त्याच्यावर बोट ठेवत होती, हे पुढं कळलं.

मी बोलले तशी तिनं आवाज ओळखला आणि मोकळी झाली. तिचं नाव प्रयागबाई. घरात उभं भांडण होऊन मालक निघून गेले त्याला बारा वर्षांच्या वर झाली होती. रीत अशी की बारा वर्षं वाट पाहायची, मग दर्भाचा पुतळा करून त्यालाच अग्नी द्यायचा आणि माणूस गेला असं धरायचं. भावकीनं येत्या सर्वपित्री अमावास्येचा दिवस धरला होता. प्रयागबाई अडून बसली होती. गेला असता तर कुणीतरी, कुठंतरी सांगावा टाकलाच असता, असं तिचं म्हणणं. तिनं भावकीला काय सुनावलं ते तिनं मला जसंच्या तसं सांगितलं.

"म्हनलं, ती बाई रोज न्हाय म्हनतीया. ती न्हाय म्हनतीया तवर म्या कुकू पुसायची न्हाय."

फोन ठेवल्यावर नईम पुन्हा पडद्याकडं वळला. नक्कल तयार झाली होती, इंडेक्स बसला होता. करून पाहायला कुठलं तरी नाव हवं होतं. त्यानं तेच टाकलं.

चक्र फिरलंच नाही. बोट उचलायच्या आत पडद्यावर एक चेहरा उभा होता.

बर्फाच्या पेट्यांसमोर उभा असलेला, दाढी वाढलेला माणूस. हसावं की नाही हे ठरवायच्या आत कुणीतरी फोटो काढलेला. जोतीराम सोनबा पोळ, मूळ गाव निरवांगी. भिगवण इथं अल्पशा आजारानं निधन. दशक्रिया उजनीच्या पाणवठ्यावर. शोकाकुल म्हणून मासळी बाजारातले सर्व कामगार. नऊ वर्षांपूर्वीचा सांगावा. त्या काळी निरवांगीत अशा कामाला फोन उघडणारं कोण होतं?

त्याखाली एकच ओळ होती, दीपक नावाच्या कुणा कामगाराची. "दहाव्याला कावळा शिवला नाही. आम्ही होतं नव्हतं ते सगळं बोलून पाहिलं. घरचं कोणी असेल तर कळवा."

शेजारी ऐकण्याची खूण होती. नईमनं माझ्याकडं पाहिलं, मग ती दाबली. मी बोलायला लागले. नऊ वर्षांनी तरुण असलेली मी, स्वच्छ, सावकाश, एकेक शब्द सुटा करत, जोतीराम पोळांचं मरण सांगत होते. मला त्यातलं काहीही आठवत नव्हतं. ते नाव माझ्या तोंडून एकदा गेलं होतं, आणि त्यानंतर त्याच तोंडानं मी रोज त्याच्या बायकोला तो नाही म्हणून सांगत होते.

नईम म्हणाला, "रोज ती हाक मारत होती, मावशी. आणि ह्यांनी ओ द्यायच्या आत मी दार लावत होतो."

नवी व्यवस्था त्यानं लगेच साइटवर चढवली नाही. चढवली असती तर संध्याकाळी, दुधाच्या किटल्यांपाशी, तिच्या हातातला फोनच तिला ते सांगून मोकळा झाला असता. चाँदभाईंचा एक नेम होता. जवळच्या माणसाचा सांगावा भोंग्यावरून नाही, दारात जाऊन द्यायचा. आणि तो दिल्याशिवाय त्या घरचं पाणी तोंडाला लावायचं नाही. आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. जंक्शन गावापाशी मुख्य रस्ता सोडला, निमसाखर मागं टाकलं. दोन्ही बाजूला पुरुषभर ऊस उभा, वाऱ्याचं नाव नाही, आणि तरी आत कुठंतरी पात्यावर पातं घासल्याचा आवाज गाडीबरोबर चालत होता.

प्रयागबाई अंगणातच होती. उंच, सुकलेली, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. मी कोण ते सांगताच तिनं माझे दोन्ही हात धरले, खाटेवर बसवलं, आत जाऊन पाण्याचा तांब्या आणला. नईमनं तो दोन्ही हातांनी घेतला आणि खाली जमिनीवर ठेवला. मी प्यायले नाही. त्यानंही घोट घेतला नाही. उन्हातून आलेली दोन माणसं पाण्याला शिवत नाहीत, हे ती उभ्या उभ्या बघत राहिली. चाँदभाईंच्या भोंग्याच्या काळातली बाई होती ती. हळूच खाली बसली.

"कवा?" एवढंच तिनं विचारलं.

नईमनं सगळं सांगितलं. साल, भिगवण, मासळी बाजार. मग आपली चूकही सांगितली. आठ सेकंद काय होते, ते का ठेवले, दुसरं वाक्य का काढलं. त्यातलं काहीही त्यानं झाकून ठेवलं नाही. तो माफी मागायला लागला तेव्हा तिनं हातानं थांबवलं आणि माझ्याकडं वळली.

"म्या कवाच वळखलं व्हतं, बाई. न्हाय म्हनायच्या आदी तुमी लय येळ घ्यायच्या. जो मानूस न्हाईच, त्याला न्हाय म्हनाया इतका येळ कशाला लागतुया? मला रोज वाटायचं, कुनीतरी उठून हुबं ऱ्हायलंय, आन बोलना झालंय."

माझ्या हातांवर काटा आला, तो तिच्या लक्षात आला असावा. तिनं पदरानं माझे हात झाकले.

मग तिनं सांगावा ऐकायचा म्हणून सांगितलं. मी म्हणाले, मी वाचून दाखवते. ती नको म्हणाली, तेव्हाचा पाहिजे. नईमनं फोन मध्ये ठेवला. भर दुपारी, अंगणात, मी तोंड मिटून बसले होते आणि माझा आवाज जोतीराम पोळांचं मरण सांगत होता. प्रयागबाई फोनकडं बघत नव्हती. माझ्या ओठांकडं बघत होती.

दीपकची ओळ नईमनं वाचली. कावळ्याची. ती ऐकल्यावर मात्र प्रयागबाई पहिल्यांदा रडली.

दर्भाच्या पुतळ्याची गरज उरली नव्हती. सर्वपित्रीला नीरेच्या काठावर भावकी जमली. आम्ही दोघंही गेलो. पिंड प्रयागबाईच मांडणार म्हटल्यावर म्हातारी माणसं कुरकुरली, मग गप्प बसली. भाताचा पिंड, शेजारी द्रोणात खीर. सगळे मागं सरकले. पलीकडं बाभळीवर कावळे होते, पुष्कळ होते, पण एकही ओरडत नव्हता. मी आयुष्यभर प्रेक्षकांसमोर उभी राहिले आहे. तिकीट काढून आलेला, अंधारात बसलेला, न खोकणारा प्रेक्षक कसा असतो ते मला ठाऊक आहे. बाभळीवर तसं बसलेलं होतं.

एकेक जण पुढं होऊन रीतीप्रमाणं बोलला. शेताकडं बघू. वैनीला अंतर देणार नाही. झालं गेलं विसर. ऊन वर चढलं. पाणी हललं नाही, कावळा हलला नाही. कुणीतरी दर्भाचा कावळा करून शिवायची गोष्ट काढली, म्हणजे उरकता येईल.

तेव्हा प्रयागबाई पुढं गेली. पदर नीट केला, हात जोडले नाहीत. लग्नात, भरल्या मांडवात उभं राहून म्हणतात तशा आवाजात ती म्हणाली:

"नीरेच्या काठावर मांडली भात आन खीर,
जोतीरामरावांचं नाव घेते, लय झाला उशीर."

दहाव्याच्या घाटावर उखाणा मी कधी ऐकला नव्हता. तिथल्या कुणीच ऐकला नसावा. एकाही माणसानं मान वर केली नाही. पंखांचा आवाज आधी आला. ती वळून पाऊल उचलते न उचलते तोच कावळा पिंडावर होता, एकटाच, इतक्या जवळ की त्याचा पंख तिच्या लुगड्याला घासला. त्यानं भाताला चोच लावली, मान तिरकी करून तिच्याकडं पाहिलं, आणि नदीवरून पलीकडं निघून गेला. बाकीचे जागचे हलले नाहीत.

त्याच दिवशी नईमनं नवी व्यवस्था चालू केली. माळेगावच्या गृहस्थांना वडील सापडले, त्यांनी पेढे धाडले. मला नईमनं पुन्हा माईकपुढं बसवलं आणि काढून टाकलेलं दुसरं वाक्य नव्यानं म्हणून घेतलं, "शोध पूर्ण झाला नाही, पुन्हा विचारा." आता ते क्वचितच वाजतं, पण वाजायला हवं तिथं वाजतं. म्हणून झाल्यावर त्यानं फडकं काढलं, माईकची जाळी पुसली, आणि मग बराच वेळ ते फडकं हातात धरून बसला.

हळू शोधांची नोंद आता कोरी असते. पण सगळ्याच शोधांची नोंद बघितली, तर दूध घालायच्या वेळेला ते नाव अजून रोज येतं. नईमला राहवलं नाही. त्यानं मला फोन लावायला सांगितला. मी प्रयागबाईला विचारलं की सगळं कळलंय, कावळा शिवलाय, मग आता रोज काय शोधता?

पलीकडं किटलीचं झाकण वाजलं. तिचा आवाज हलका होता, नव्या नवरीसारखा थोडा लाजलेला.

"शोधत न्हाय ओ बाई. नुसती हाक मारती. आता लगीच येत्यात."